बार्बेटस कोरीच्या मिशा पुन्हा पुन्हा झिजतात, तेव्हा काय तपासायचं

लक्षणं

बार्बेटस कोरी हा घरच्या टँकमध्ये पाळला जाणारा, तळाशी राहणारा मिशांचा छोटा कॅटफिश. मिशा झिजू लागल्या की एका बाजूची मिशी दुसरीपेक्षा आखूड दिसते. टोक निमुळतं असायला हवं, ते तोडल्यासारखं बोथट होतं, कधी पांढुरकं, कधी लालसर. मासा वाळूत तोंड खुपसायचा कमी होतो. खाणं नाकासमोर पडलेलं असतं आणि तो त्याच्यावरून निघून जातो, कारण चव घेणारे अवयव मिशांवरच असतात. पुढे मिशांच्या जागी नुसते खुंट उरतात आणि खालचा ओठ सुजतो. औषध टाकलं की आठवडाभर बरं वाटतं, महिन्याभरात पुन्हा तेच. मार्च ते जून या काळात जास्त.

यात दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. पहिली म्हणजे वर धावत जाऊन हवा गिळणं. कोरी जातीचे मासे पृष्ठभागावरून हवेचा घोट घेतात, आतड्याच्या मागच्या भागातून त्यातला ऑक्सिजन शोषतात आणि उरलेली हवा मागून सोडतात. तासात काही वेळा हे होणं नैसर्गिक आहे. मिनिटा-मिनिटाला होत असेल आणि कल्ले भराभर हलत असतील, तर पाण्यात काहीतरी बिघडलंय. दुसरी गल्लत मारामारीची. बार्बेटसच्या मोठ्या नराच्या गालांवर राठ केसांसारखे बारीक काटे असतात, त्यावरूनच त्याला ‘दाढीवाला’ म्हणतात. दोन नर जागेसाठी भिडले की पर फाटतात, तोंडाजवळ ओरखडे उठतात. मिशा शाबूत आणि पर फाटलेले, तर पाण्याचा दोष नाही, नर जास्त झालेत. एका नरामागे दोन-तीन माद्या आणि चार फुटी टँकमध्ये आडोसा देणारी दोन-तीन लाकडं, एवढ्यावर बहुतेक भांडणं मिटतात.

खाली दिलेलं सगळं खऱ्या मिशा झिजण्याबद्दल आहे. नेहमीच्या ब्राँझ आणि ठिपक्यांच्या कोरींनाही ते जवळपास तसंच लागू पडतं. फरक इतकाच की बार्बेटस गरमीला लवकर हार मानतो.

हा मासा कुठला

स्क्लेरोमिस्टॅक्स बार्बेटस. क्वा आणि गेमार या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञांनी १८२४ मध्ये त्याची नोंद केली. पुढे बराच काळ त्याला कोरीडोरासच म्हणत, त्यामुळे जुन्या यादीत ‘कोरीडोरास बार्बेटस’ दिसलं तर मासा हाच. घर म्हणजे ब्राझीलचा आग्नेय किनारा, रिओ दि जानेरोपासून दक्षिणेला सांता कातारिनापर्यंत. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत, अटलांटिक जंगलाच्या सावलीतून उतरणारे गोड्या पाण्याचे छोटे ओढे. पाणी स्वच्छ, वाहतं, थंडसर, तळाला वाळू. लांबी दहा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे कोरींमध्ये चांगलाच दांडगा. दोन्ही बाजूंना हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन ओळी, चिलखतासारख्या.

चिलखत आहे म्हणून मासा टणक, असा समज दुकानांत ऐकू येतो. चिलखत बाजूंना आहे. तोंड, मिशा आणि पोट उघडंच असतं आणि हे तिन्ही भाग दिवसभर तळाला घासत असतात. तुम्ही चाचणीसाठी पाणी वरून घेता. मासा राहतो तळच्या दोन सेंटिमीटरमध्ये, आणि गडबड बहुतेक वेळा तिथेच असते.

१. तापमान: फुकट तपासणी, म्हणून पहिली

थर्मामीटर तळाजवळ लावा. सकाळी सहाला आणि दुपारी चारला, असे तीन दिवस आकडे लिहून ठेवा. बार्बेटसला २० ते २४ अंश सेल्सिअस मानवतं. २६ थोडे दिवस चालतं. २८ च्या वर रोज दुपारी जात असेल तर बाकीचं कितीही नीट करा, मिशा टिकणार नाहीत.

२२ अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३१ अंशाला जेमतेम ७.४. उलट माशाची गरज गरमीत वाढते, तळातले जीवाणू दुप्पट जोमाने कामाला लागतात आणि तेही ऑक्सिजन खातात. उन्हाळ्यातच हे दुखणं का उसळतं, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उपाय स्वस्तापासून महागाकडे: टँकवरची काच काढून जाळी लावा, लाइट सहा तासांवर आणा, पृष्ठभागावर तिरका वारा लागेल असा छोटा पंखा बसवा. पुण्यात, नाशिकला, कोरड्या हवेत पंख्याने दोन ते चार अंश सहज उतरतात. मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत मे महिन्यात हवाच ओली असते, बाष्पीभवन होत नाही, पंख्याचा उपयोग अर्ध्यावर येतो. बर्फाची बाटली तरंगवणं हा दुपार निभावण्याचा उपाय आहे, रोजचा नव्हे, कारण तापमान वर-खाली हेलकावतं. किनाऱ्यावर राहत असाल आणि खोलीला एसी नसेल, तर चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) बार्बेटस ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी ब्राँझ कोरी घ्या. ती जास्त सोसते.

२. तळाची वाळू

हात कोपरापर्यंत धुवा, साबणाचा अंश राहू देऊ नका, आणि एक बोट वाळूत तळापर्यंत घाला. हळूच ढवळा. तपकिरी ढग उठला आणि दोन मिनिटांत बसला, तर विष्ठा आणि खाण्याचा गाळ साचलाय. बुडबुडे सुटले, कुजक्या अंड्याचा वास आला, वाळूत काळे पट्टे दिसले, तर खालच्या थरात ऑक्सिजन संपून हायड्रोजन सल्फाइड तयार होतोय. ढवळणं लगेच थांबवा. तो वायू एकदम पाण्यात सोडला तर मासे तासाभरात आडवे होतात.

आता मूठभर वाळू बाहेर काढून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात टाका आणि तळहातावर घेऊन अंगठ्याने दाबून चोळा. टोचली तर ती माशालाही टोचते. बांधकामाची क्रश सँड आणि रंगीत काचेचे खडे इथेच बाद होतात. नदीची गोल दाण्याची वाळू, एक मिलिमीटरच्या आतली, चहाच्या गाळणीतून गाळलेली आणि पाणी नितळ येईपर्यंत धुतलेली, ही सर्वांत चांगली. समुद्राची वाळू नको. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, त्यामुळे पाणी जड होतं आणि पीएच (पाणी आम्ल की अल्कली, ते सांगणारा आकडा) चढतो. शंका असेल तर चमचाभर वाळूवर लिंबू पिळा. फसफसली तर चुना आहे.

तरीही सगळा दोष खड्यांवर ढकलू नका. जाड पण स्वच्छ खड्यांवर धड मिशांचे कोरी असतात, आणि रेशमासारख्या पण घाणेरड्या वाळूवर मिशा गेलेलेही असतात. टोकदार दाण्याने जखम होते, घाणीतले जीवाणू ती बरी होऊ देत नाहीत. दोन्ही एकत्र आलं की खुंट उरतात.

थराची जाडी दोन ते तीन सेंटिमीटर, जास्त नको. जाड थर दिसायला छान दिसतो, पण आतलं पाणी फिरत नाही.

३. खाणं

रात्री लाइट बंद झाल्यावर अर्ध्या तासाने टॉर्च लावून बघा. पेलेट पडून असेल तर ते जास्त झालं. सहा माशांना बुडणाऱ्या पेलेटचे चार-पाच दाणे संध्याकाळी एकदा पुरतात. आठवड्यातून एक दिवस उपास. नाल्यातली जिवंत ट्युबिफेक्स (गाळातले बारीक लाल किडे) मिशा दुखावलेल्या माशाला अजिबात देऊ नका. फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या) द्या, आणि तेही गाळणीत वितळवून, लाल पाणी ओतून देऊन. वरच्या थरातल्या माशांनी टाकलेला फ्लेक तळाला येतो, तो ‘कोरी साफ करेल’ हा हिशेब चुकीचा आहे. कोरी सफाई कामगार नाही.

४. पाण्याची चाचणी, पण दोन ठिकाणची

इथून थोडा खर्च सुरू होतो. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट घ्या: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच.

एक नमुना नेहमीसारखा वरून घ्या. दुसऱ्यासाठी सुई नसलेली दहा मिलीची सिरिंज आणि तिला एअर ट्यूबचा हातभर तुकडा जोडा. ट्यूबचं टोक वाळूत एक सेंटिमीटर खुपसून हळू ओढा. पहिले पाच मिली फेकून द्या, पुढचे वापरा. वर अमोनिया शून्य आणि वाळूतल्या पाण्यात रंग चढलेला, असं दिसलं तर मासा कशात तोंड घालून बसतो ते कळलं. ही एक चाचणी महिन्याभराचे तर्क वाचवते.

आकडे असे वाचा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवं. नायट्रेट २० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) आत ठेवा, ४० च्या वर असेल तर पाणी बदलायला उशीर होतोय. पीएच ६ ते ७.५. अमोनियाचा आकडा पीएच आणि तापमान बघूनच समजतो: ३० अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम ०.८ टक्के भाग विषारी रूपात असतो, पीएच ८ ला तोच साडेसात टक्क्यांच्या आसपास. म्हणजे किटवर एकच रंग, आणि विष नऊपट. बोअरच्या जड पाण्यावर टँक चालवणाऱ्यांचे मासे ‘तेवढ्याच’ अमोनियात आधी का पडतात, ते यावरून लक्षात येईल.

नळाच्या किंवा बोअरच्या ताज्या पाण्याचीही नायट्रेट चाचणी करा. तिथेच ३० निघालं तर कितीही पाणी बदला, टँकमध्ये त्याच्या खाली येणार नाही. मग आरओचं पाणी मिसळावं लागेल.

नायट्राइट निघालं तर ते उतरेपर्यंत दहा लिटरमागे एक ते दीड ग्रॅम मीठ चालतं. क्लोराइडमुळे नायट्राइट रक्तात कमी शिरतं. ‘कॅटफिशला मीठ म्हणजे मरण’ हे एवढ्या प्रमाणाला लागू नाही. मूठभर टाकणाऱ्यांना आहे.

५. सफाईची पद्धत

दुखणं पुन्हा पुन्हा येण्याचं सर्वांत मोठं कारण हेच, आणि ते शेवटी सापडतं, कारण ‘सफाई तर दर रविवारी करतो’ असं उत्तर मिळतं. त्यांच्या लेखी सफाई म्हणजे मासे बादलीत, टँक पूर्ण रिकामा, वाळू नळाखाली खळखळ धुतलेली, फिल्टरचा स्पंज पिळून उन्हात. अमोनिया पचवणारे जीवाणू वाळूवर आणि स्पंजवर चिकटून राहतात. क्लोरीनच्या पाण्याने आणि उन्हाने ते मरतात. दिसायला टँक आरशासारखा होतो, आणि तिसऱ्या दिवशी अमोनिया चढतो. मग मिशा. मग औषध, आणि औषधाने उरलेले जीवाणूही जातात. वर्तुळ पूर्ण. नवी वसाहत नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून ‘दर महिन्याला येतो हा रोग’ असं वाटतं.

योग्य पद्धत: आठवड्यातून एकदा २५ ते ३० टक्के पाणी. १२ मिलिमीटर व्यासाची सायफनची नळी वाळूच्या एक सेंटिमीटर वर धरून गोल फिरवा. गाळ उचलला जातो, वाळू जागेवर राहते. दुसऱ्या हाताच्या बोटाने वाळू हलवत जा, पण एका आठवड्याला तळाचा तिसरा हिस्साच. काळे पट्टे असतील तर तो भाग नळीने वाळूसकट थोडा-थोडा उपसून काढा, तीन-चार आठवडे घ्या. स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात दोनदा दाबायचा, बस.

नव्या पाण्यातलं क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट, म्हणजे दुकानातलं हायपो. एक भाग क्लोरीनला साधारण सात भाग हायपो लागतं. १०० मिली पाण्यात १० ग्रॅम हायपो विरघळवून गडद बाटलीत ठेवा. त्याचं १ मिली, १५ लिटरच्या बादलीत क्लोरीन १ पीपीएम असलं तरी पुरतं. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास जास्त आला तर २ मिली घाला, थोडं जास्त पडल्याने बिघडत नाही.

६. फिल्टर आणि वीज

तळाला हात धरून बघा, पाणी हलताना जाणवतं का? बार्बेटस वाहत्या ओढ्यातला आहे. तासाला टँकच्या आकारमानाच्या चार-पाच पट पाणी फिरायला हवं, आणि ते तळापर्यंत पोचायला हवं. कोपऱ्यात गाळाचा ढीग सतत त्याच जागी साचत असेल तर तिथे प्रवाह मेलेला आहे. आउटलेटचं तोंड फिरवा, किंवा त्या कोपऱ्यात एक स्पंज फिल्टर बसवा.

वीज चार-पाच तास गेली असेल तर बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर तसाच सुरू करू नका. आतला ऑक्सिजन संपून जीवाणू मेलेले असतात आणि ते सडकं पाणी सुरू होताक्षणी टँकमध्ये येतं. आधी उघडून, टँकच्या पाण्यात खळबळून मग चालू करा. बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि स्पंज फिल्टर ही जोडी भारनियमन असलेल्या गावांत कॅनिस्टरपेक्षा जास्त भरवशाची.

पाण्यात हात घातल्यावर झिणझिण्या आल्या तर सगळी तपासणी तिथेच थांबवा. मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. हीटर किंवा पंपाची काच-वायर फुटलेली असू शकते.

७. वेगळा टँक आणि औषध

वरचं सगळं दोन आठवडे नीट राहिलं आणि तरीही मिशा झिजत राहिल्या, तरच इथे या. मासा जाळीने पकडू नका. छातीच्या परांचे काटे ताठ उभे राहून जाळीत अडकतात, ओढलं की तुटतात, शिवाय हाताला टोचले तर बराच वेळ ठणकतं. प्लॅस्टिकच्या मगने उचला. अडकलाच तर जाळी कात्रीने कापा, मासा नको. नेताना एका पिशवीत एकच. घाबरलेला कोरी काट्यांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतून विषारी स्राव सोडतो आणि छोट्या पिशवीत त्यानेच मरू शकतो. पाण्यावर फेस दिसला तर पाणी लगेच बदला.

वेगळा टँक ४० लिटरचा, तळ उघडा, वाळू नाही, मुख्य टँकमधला मुरलेला स्पंज, एक मातीची कुंडी आडवी, तापमान २२-२३. रोज २० टक्के पाणी बदल. बऱ्याच वेळा एवढ्यानेच सूज उतरते आणि काही आठवड्यांत टोकं वाढू लागतात. मुळापर्यंत गेलेली मिशी मात्र नेहमीच परत येत नाही. तसा मासाही जगतो, त्याला खाणं एका बशीत, ठरलेल्या जागी द्यायचं.

मिथिलीन ब्लू (बुरशीवरचं निळं औषध) द्यायचं तर इथेच, मुख्य टँकमध्ये कधीच नाही. तोंडावर कापसासारखा पांढरा-राखाडी थर दिसला की लोक ‘बुरशी’ म्हणतात. अनेकदा तो कॉलम्नॅरिस नावाचा जीवाणू असतो आणि तो गरम पाण्यात झपाट्याने पसरतो. म्हणून ‘हीटर ३० वर लावा’ हा सरसकट सल्ला इथे उलटा पडतो.

इथे थांबा, तज्ज्ञाला गाठा

- पोटाखाली लाल डाग किंवा रक्ताळलेले चट्टे.
- २४ तासांत दोन मासे गेले.
- ओठ खाऊन गेला, आतलं पांढरं दिसतंय, किंवा चार दिवस मासा काही खात नाही.
- कापसासारखा थर एका दिवसात दुप्पट झाला.

यातलं एकही असेल तर दुकानातली अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून टाकू नका. कोणता जीवाणू, कोणतं औषध, किती, हे नमुना न बघता ठरत नाही. चुकीच्या मात्रेने जीवाणू निर्ढावतो. माशांवर काम करणारा पशुवैद्य शोधा. मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत जलचरांच्या आरोग्याचा विभाग आहे, कोकणात रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे. नमुना घेतात का, ते आधी फोनवर विचारा, मग निघा.

आणि कंटाळून मासा नदीत किंवा तळ्यात सोडायचा नाही. असेच सोडलेले सकर मासे आज देशातल्या अनेक जलाशयांत मच्छीमारांची जाळी फाडतायत.

तज्ज्ञाकडे जाताना आजारी पण जिवंत मासा सर्वांत उपयोगाचा. मेलाच असेल तर फ्रीझरमध्ये ठेवू नका, पिशवीत घालून बर्फावर ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. सोबत टँकच्या पाण्याची अर्धा लिटरची वेगळी, काठोकाठ भरलेली बाटली, आणि एका कागदावर तीन दिवसांची तापमानं, चाचणीचे आकडे, शेवटचं पाणी कधी आणि किती बदललं, आजवर कोणतं औषध किती टाकलं. टाकलेलं औषध लपवू नका, पुढची मात्रा त्यावर ठरते.